उसन्या दांड्याची चिठ्ठी

कार्डमास्तरांनी आयुष्यात एकाच माणसाचा हेवा केला, आणि त्या माणसाला नोकरीला त्यांनीच चिकटवलं होतं.

तो माणूस म्हणजे त्यांचा साडू. धाकट्या मेहुणीचा नवरा, मास्तरांपेक्षा तीन वर्षांनी लहान. लग्न झालं तेव्हा तो सायकली जोडण्याच्या कारखान्यात होता. मास्तरांची बायको म्हणाली, "तुमच्या हेलिकॉप्टरवाल्यांकडे बघा ना त्याचं काही. पोरगा हुशार आहे." मास्तरांनी शब्द टाकला. साडूला मेकॅनिकच्या हाताखाली जागा मिळाली. पहिल्या दिवशी त्याला हँगरचा दरवाजा, हजेरीचं मशीन आणि चहाची खिडकी दाखवली ती मास्तरांनीच. या गोष्टीला चोवीस वर्षं झाली होती, आणि त्यातली वीस वर्षं तरी मास्तरांना वाटत आलं होतं, की त्या दिवशी आपल्याला ताप का आला नाही!

कंपनी लहानशी. चार हेलिकॉप्टरं, एक मोठी शेड आणि बत्तीस माणसं. विजेच्या उंच तारांची पाहणी करायला, मोजणीवाल्यांना डोंगरात सोडायला, क्वचित एखाद्या रोग्याला शहरात आणायला ही मशीनं जात. हेलिकॉप्टरला हँगरमध्ये कुणी हेलिकॉप्टर म्हणत नसे. मशीनच म्हणायचं. एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर, चार नंबर.

मास्तरांचं काम कार्डांचं. माणसाचं वय वर्षांत मोजतात, मशीनच्या भागाचं वय उडालेल्या तासांत. अमुक भाग हजार तासांनी बदलायचा, तमुक दोन हजारांनी. प्रत्येक भागावर कारखान्याचा नंबर कोरलेला असतो आणि त्या नंबरचं एक कार्ड असतं. भाग कधी बसवला, कुठल्या मशीनवर, आजवर किती तास झाले, सगळं त्यावर. अशी एकोणीसशे चाळीस कार्डं मास्तरांच्या खोलीत लोखंडी खणांमध्ये रांगेने उभी होती. कॉम्प्युटर आला तेव्हा मास्तरांनी तोही शिकून घेतला, पण आधी कार्ड आणि मग कॉम्प्युटर हा क्रम त्यांनी सोडला नाही. अकरा वर्षांत सरकारी तपासणीत त्यांच्या कार्डात एक चूक निघाली नव्हती. हँगरमध्ये वाद झाला, की कुणीतरी म्हणायचंच, "मास्तरांचं कार्ड काय म्हणतंय?" आणि वाद मिटायचा. खरं नाव घेऊन त्यांना हाक मारणारं हँगरमध्ये आता कुणी उरलं नव्हतं.

एवढं एक सोडलं तर बाकी सगळं साडूकडे होतं.

मशीन दुरुस्त झालं, उडायला हरकत नाही, अशी सही करण्यासाठी सरकारी परवाना लागतो. त्याच्या परीक्षेचे चार पेपर असतात. मास्तर त्या परीक्षेला तीनदा बसले. तिन्ही वेळा तीन पेपर सुटले आणि चौथा दोन-चार मार्कांनी राहिला. चौथ्यांदा बसायचं धैर्य झालं नाही, तेव्हा बायको म्हणाली, "तुमच्या वह्या नुसत्या पडल्यात, भावजींना तरी द्या." साडूने त्या वह्या नेल्या आणि पहिल्या फटक्यात चारही पेपर काढले. वह्या परत करायला आला तेव्हा पेढ्यांऐवजी त्याने मास्तरांना एक पेन आणलं होतं. "मास्तर, तुमच्या अक्षरामुळे पास झालो," म्हणाला. ते पेन मास्तरांनी कधी वापरलं नाही. ते चांगलं चालत असेल, या भीतीने.

मग यादी वाढतच गेली. साडूच्या डोक्यावर अजून काळे केस होते. साडूला पडल्या पडल्या झोप लागायची. साडूच्या रक्तदाबाचे आकडे मेहुणी फोनवर ताईला सांगायची आणि ताई ते जेवताना मास्तरांना सांगायची. नळ गळू लागला, की मास्तर प्लंबरला बोलावत. "भावजी घरातलं सगळं स्वतः करतात," हे वाक्य नळाखाली ठेवलेल्या बादलीत थेंब पडावेत तसं त्यांच्या कानात पडत राही. आणि सर्वांत वाईट म्हणजे साडू स्वभावाने चांगला होता. खडूस असता तर मास्तरांना निवांत हेवा करता आला असता. इथे तेवढीही सोय नव्हती.

सात महिन्यांपूर्वी साडू मुख्य इंजिनिअर झाला. चार वाजता शेडमध्ये छोटा समारंभ ठेवला होता. कुणीतरी ताटाएवढं शुभेच्छापत्र आणलं होतं, वर सोनेरी चमकीचं हेलिकॉप्टर. ते सगळ्यांच्या सह्यांसाठी फिरत फिरत शेवटी मास्तरांकडे आलं. तीस सह्या झाल्या होत्या. उजवीकडे खाली एकतिसावी जागा मास्तरांसाठी मोकळी होती. मास्तरांनी पेन उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. मग पत्र मिटून सर्वांत खालच्या खणात सारलं आणि डोकं दुखतंय म्हणून घरी निघून गेले. दुसऱ्या दिवशी पत्राची शोधाशोध झाली तेव्हा ते म्हणाले, "माझ्याकडे आलंच नाही." मास्तरांचा शब्द. कुणी पुन्हा विचारलं नाही.

आता त्या मंगळवारची गोष्ट.

सकाळी सव्वाआठला सरकारी खात्याचा आदेश आला. असे आदेश येतात तेव्हा पहिले वाचायचे ते मास्तरांनी. हेलिकॉप्टरच्या शेपटीला जो छोटा पंखा असतो, त्याच्या प्रत्येक पात्याला तिरपं करणारी वीतभर लांबीची एक धातूची काडी असते. सरकारी कागदात तिला पिच लिंक म्हणतात, हँगरमध्ये दांडा. कारखान्यात एका खेपेचे दांडे नीट तापवले गेले नव्हते आणि दोन ठिकाणी त्यांना चिरा सापडल्या होत्या. दांडा तुटला तर शेपटीचा पंखा काम सोडतो आणि मशीन स्वतःभोवती गिरक्या घेत खाली येतं. आदेशाला छत्तीस नंबरांची यादी जोडली होती. यातला नंबर तुमच्याकडे आहे का ते आजच्या आज बघा. असेल तर पुढच्या दहा तासांच्या उड्डाणाच्या आत दांडा बदला. काढलेला दांडा कापून टाका, म्हणजे कुणी चुकून पुन्हा बसवणार नाही. स्टोअरमधले सुटे दांडेही तपासा. आणि एक सवलत होती. नोंदी पूर्ण आणि सलग असतील तर झाकण उघडून नंबर बघायची गरज नाही, नोंदीवरून सांगितलेलं चालेल.

मास्तरांनी पट्टी लावून यादी वाचली. चार मशीनचे सोळा दांडे, सोळा कार्डं. त्यांतलं एकच जुळलं. शेवटचे आकडे चारशे सतरा, तीन नंबरच्या मशीनवर.

साडेनऊला साडू आला. हातात चहाचे दोन कप. "काय मास्तर, काय म्हणतायत कार्डं?"

"एकच आहे. तीन नंबरवर."

"सुटलो!" साडू स्टुलावर बसला. तीन नंबर गेले नऊ महिने कोपऱ्यात बसून होतं. त्याचं इंजिन दुरुस्तीला गेलेलं, आज येतंय उद्या येतंय करत होतं. "ती बया कुठे उडतेय? इंजिन येईल तेव्हा दांडाही बदलू. बाकीच्यांची झाकणं काढून बघू का एकदा? दीड-दीड तास जाईल, जाऊ दे."

मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं. "का? नोंद सलग आहे. कार्डावर विश्वास नाही?"

"अरे बापरे!" साडूने कान पकडले. "तुमच्या कार्डावर नाही तर काय माझ्या आठवणीवर ठेवू?" आणि तिथेच, मास्तरांच्या टेबलावर, मास्तरांच्या पेनाने त्याने अहवालावर सही ठोकली. सुंदर, तिरकी, एका झटक्यातली सही. परवानेवाल्याची.

सरकारी खात्याच्या इन्स्पेक्टरबाई तीन वाजता अहवाल बघायला येणार होत्या. दोन नंबर साडेतीनला तारांच्या पाहणीला जाणार होतं.

राहता राहिले स्टोअरमधले सुटे दांडे. जेवण झाल्यावर सव्वादोनला मास्तर तिकडे गेले. चांगल्या भागांच्या फळीवर एकही दांडा नव्हता. मग बाद भागांचं लाल कपाट उघडलं. त्यात एक दांडा पडला होता, गळ्यात लाल चिठ्ठी अडकवलेला, चिठ्ठीवर साडूची तिरकी सही. मास्तरांनी तो उजेडात धरून नंबर वाचला. यादीतला नव्हता. पण तो नंबर त्यांना तोंडपाठ होता, कारण सकाळीच त्याचं कार्ड हाताळलं होतं. कार्डाप्रमाणे हा दांडा दोन नंबरच्या मशीनवर असायला हवा होता.

हा इथे आहे, तर दोन नंबरवर काय आहे?

उत्तर कळायला मास्तरांना मिनिटही लागलं नाही. हँगरमध्ये एक पद्धत होती, उसनवारीची. उडणाऱ्या मशीनचा भाग खराब झाला आणि स्टोअरमध्ये नवा नसला, तर बसून राहिलेल्या मशीनचा काढून लावायचा. ते नियमात बसत होतं, फक्त भाग काढणाऱ्याने एक गुलाबी चिठ्ठी भरून मास्तरांकडे द्यायची आणि मास्तरांनी त्याच दिवशी कार्ड बदलायचं. साडूने तीन नंबरचा दांडा काढून दोन नंबरला लावला होता. चारशे सतरा. आणि चिठ्ठी दिली नव्हती.

मास्तरांच्या अंगावर आनंदाने काटा आला.

चोवीस वर्षं! चोवीस वर्षं ज्या माणसाची एक खोट सापडू नये, त्याची ही अशी, लाल चिठ्ठीसकट, हातात आलेली. आता साडूला फोन करायचा का? फोन केला तर तो धावत येईल, दांडा काढेल, अहवाल बदलेल, हसेल, "मास्तर, वाचवलंत" म्हणेल आणि संपलं. इन्स्पेक्टरबाई तीनला येणार. मशीन साडेतीनला निघणार. मधला अर्धा तास आपल्या हातात आहे. बाईंच्या समोर, ती तिरकी सही टेबलावर असताना, हा दांडा आपण हळूच त्यावर ठेवू. काही बोलायचंसुद्धा नाही. मास्तर खोलीत येऊन बसले. दांडा रुमालाने पुसला. सव्वीस मिनिटं उरली होती. इतकं छान त्यांना परवान्याच्या निकालाच्या आधीही कधी वाटलं नव्हतं.

दोन चाळीसला बाहेर इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला.

मास्तरांना आधी वाटलं, चार नंबर असेल. मग आठवलं, चार नंबर सकाळीच गेलंय. ते खिडकीशी गेले. तारवाले लवकर आले होते, तिघेजण आत बसले होते, आणि दोन नंबरची पाती फिरायला लागली होती.

मास्तर धावले. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत हँगरमध्ये कुणी त्यांना धावताना पाहिलं नव्हतं. स्वतः मास्तरांनाही आपण असे धावतो हे माहीत नव्हतं. एक चप्पल दारातच राहिली. काँक्रीटच्या पट्ट्यावर वाऱ्याने चष्मा उडाला. मशीनच्या समोर उभं राहून त्यांनी दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुली केली आणि तसेच उभे राहिले, एका हातात दांडा, त्याची लाल चिठ्ठी फडफडतेय.

आवाज हळूहळू खाली बसला. पायलट दार उघडून ओरडला, "मास्तर! काय झालं? घर पेटलंय का?"

"शेपूट उघडा," मास्तर म्हणाले. एवढंच बोलायला दम होता.

साडू पाना आणि टॉर्च घेऊन आला. शिडी लागली, झाकण निघालं. त्याने दांड्यावरचं ग्रीस बोटाने पुसलं आणि नंबर मोठ्याने वाचला, "चार, एक, सात." मग दांडा काढला, साफ केला, त्यावर चिरा शोधायचं लाल औषध लावलं, थांबला, पुसलं, आणि पांढरी पावडर मारली. टोकाजवळ एक तांबडी रेघ उमटली. केसाएवढी बारीक. पायलटने ती पाहिली आणि तो पायरीवर बसला. काल तो याच मशीनवर तीन तास उडाला होता.

तेवढ्यात इन्स्पेक्टरबाई आल्या. बुटक्या, करड्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी रेघ बघितली, मास्तरांची कार्डं मागवली, साडूची सही बघितली.

"कार्ड म्हणतं तीनवर. दांडा आहे दोनवर," बाई म्हणाल्या. "मधला कागद कुठे आहे?"

मास्तर छाती भरून म्हणाले, "माझ्याकडे चिठ्ठी आली असती तर कार्ड त्याच दिवशी बदललं असतं, मॅडम."

साडू डोकं खाजवत होता. "दिली होती असं वाटतंय खरं. पण शपथेवर नाही सांगता येणार. मी चीफ झालो त्याच दिवसाचं काम ते, घाई होती." मग त्याने मास्तरांकडे पाहिलं आणि मान हलवली. "नाही. यांच्याकडे आली असती तर चढली असती. यांचं कार्ड चुकत नाही. माझ्याकडूनच राहिली असणार."

"दोघांनी पाच वाजेपर्यंत लेखी द्या," बाई म्हणाल्या.

पुढचा अर्धा तास मास्तरांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा होता. तारवाल्यांनी हात मिळवले. पायलटने त्यांचा चष्मा आणि चप्पल शोधून आणली. खोलीत आले तर फोन वाजत होता. बायको.

"अहो! तुम्ही म्हणे चालतं हेलिकॉप्टर अंगावर घेतलंत!"

"कुणी सांगितलं?"

"बहिणीने. तिला भावजींनी फोन केला. म्हणाले, ताईला सांग, आज मास्तरांनी चार माणसं वाचवली." तिला दम लागला होता. "मी शेजारीपण सांगून आले. लवकर या हो घरी."

मास्तर फोन ठेवून बसून राहिले. कौतुक झालं होतं, पण तेही त्याच्याच तोंडून. तरी असू दे. आज चालेल.

लेखी जबाबाचे कोरे फॉर्म सर्वांत खालच्या खणात होते. खण ओढला. फॉर्मच्या खाली सोनेरी चमकीचं ते शुभेच्छापत्र. सात महिन्यांत मास्तरांनी त्याला हात लावला नव्हता. आज मात्र लावावासा वाटला. ती मोकळी एकतिसावी जागा एकदा बघावी, आपण सही केली नाही ते किती योग्य होतं याचं समाधान करून घ्यावं, म्हणून त्यांनी पत्र उघडलं.

आतून एक गुलाबी चिठ्ठी घरंगळत मांडीवर पडली.

दांडा क्रमांक, कुठून काढला, कुठे लावला, जुना दांडा बाद. सगळं साडूच्या अक्षरात, एकही रकाना मोकळा नाही. आणि खाली, "मिळाली, ३.४०," मास्तरांच्या स्वतःच्या अक्षरात, स्वतःच्या सहीने.

सगळं आठवलं. साडू ग्रीसच्या हातांनी आला होता. "मास्तर, एवढी उसनवारीची चिठ्ठी घ्या, मी तोंड धुऊन येतो, चारला बोलावलंय मला." मास्तरांनी न बघता सही केली होती, कारण नजर त्या पत्रावर होती. आणि पत्र मिटलं तेव्हा चिठ्ठी आत होती.

आणि सकाळी तो झाकणं उघडतो म्हणाला होता. आपण उघडू दिली नाहीत. नंतर सव्वादोनला सगळं कळलं, तरी आपण पंचवीस मिनिटं घड्याळ बघत बसलो.

मास्तरांनी दाराला आतून कडी लावली. या चिठ्ठीची दुसरी प्रत नव्हती. ही नाहीशी झाली तर चूक साडूची, आणि ती त्याने चारचौघांत कबूलही केली होती. कुणावर खोटा आळ घ्यायचा नव्हता, कुणाशी भांडायचं नव्हतं. फक्त एक कागद फाडायचा. अकरा वर्षांचं नाव राहणार होतं. शेजारपाजारी झालेलं कौतुक राहणार होतं. मास्तरांनी चिठ्ठीची चौघडी केली, खिशात घातली आणि शेडमागच्या कचऱ्याच्या पिंपाकडे निघाले.

पिंपाकडची वाट साडूच्या केबिनवरून जात होती. दार अर्धं उघडं होतं. साडूने आपला जबाब बाईंना दिला होता आणि बाई तो वाचत होत्या.

"'नोंद विभागाचा काहीही दोष नाही. चिठ्ठी देणे माझ्याकडून राहिले, आणि भाग डोळ्यांनी न पाहता मी सही केली. दोन्ही चुका माझ्या.'" बाईंनी कागद खाली ठेवला. कमी बोलणाऱ्या बाई पुढे म्हणाल्या, "एकोणीस वर्षं जबाब वाचतेय मी. प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. इतका स्वच्छ कागद मी पहिल्यांदा बघतेय. माणसाला मोठेपणा लागतो याला."

मास्तर दाराबाहेर जागच्या जागी थिजले. तळपायाची आग मस्तकात गेली.

म्हणजे इथेही? चूक आपली, सात महिने खणात आपण सांभाळलेली, आणि तिच्यावर मोठेपणा मिळवणार हा? परवाना त्याचा, खुर्ची त्याची, केस काळे त्याचे, झोप त्याची. आणि आता आपली चूकसुद्धा त्याच्या नावावर चढणार, सरकारी फाइलीत, कौतुकासकट? नाही. बाकी सगळं घे बाबा, हे नाही मिळायचं.

ते आत शिरले आणि चौघडी उलगडून चिठ्ठी जबाबाच्या वर ठेवली. दुपारी जिथे दांडा ठेवायचं त्यांच्या मनात होतं, साडूच्या सहीवर, बरोबर तिथेच.

"तो कागद चुकीचा आहे, मॅडम. चूक त्याची नाही. माझी आहे."

बाईंनी चिठ्ठी वाचली, खालची सही वाचली, वेळ वाचली. "ही कुठे होती?"

"माझ्या खणात. सात महिने."

"का?"

"त्या दिवशी डोकं ठिकाणावर नव्हतं. आणि आज सकाळी हा झाकणं उघडून बघणार होता. मीच अडवलं. आणि मशीन उडायच्या पंचवीस मिनिटं आधी मला कळलं होतं. तेव्हाही मी..." मास्तर थांबले. "तेव्हाही मी लगेच सांगितलं नाही."

साडू तोंड उघडं टाकून बघत होता. बाईंनी दोघांचेही कागद फाइलीला लावले आणि निकाल दिला. दोघांनाही लेखी समज, मास्तरांना जास्त कडक. आणि एकोणीसशे चाळीस कार्डांतलं प्रत्येक कार्ड प्रत्यक्ष भागावरच्या नंबराशी पडताळून बघायचं, तोवर एकही मशीन जमीन सोडणार नाही. एकाने झाकण उघडून नंबर वाचायचा, दुसऱ्याने कार्ड बघायचं.

"कोण कोण?" साडूने विचारलं.

"तुम्ही दोघं. दुसरं कोण?" बाई म्हणाल्या आणि निघून गेल्या. मास्तरांच्या कबुलीला त्यांनी स्वच्छ म्हटलं नाही, की मोठेपणाचं नाव काढलं नाही. मास्तरांच्या ते लक्षात आलं.

आता चारशे सतरा कापायचा राहिला होता. आदेशाप्रमाणे एकाने कापायचं आणि दुसऱ्याने कापलेलं पाहिल्याची सही करायची. साडूने दांडा व्हाइसमध्ये आवळला आणि चिरेपासून दूर, मधोमध, हॅकसॉ चालवायला लागला.

"मास्तर, एक विचारू? त्या चिठ्ठीला सोनेरी चमकी कसली लागली होती?"

मास्तर साक्षीचा कागद सरळ करत राहिले.

"बाईंच्या बोटालाही लागली. माझ्याही." साडूने करवत थांबवून बोट दाखवलं. "आणि तुमच्या तर शर्टाच्या खिशाला आहे."

मास्तर उठले, खोलीत गेले आणि शुभेच्छापत्र घेऊन आले. ते बाकावर ठेवून खाली बघत उभे राहिले. साडूने ग्रीसचे हात पँटला पुसले, पत्र उघडलं, एकेक सही वाचली. कुणाचा तरी विनोद वाचून हसला. मग उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यात त्याचं बोट थांबलं.

"तुमची राहिलीय."

"माहीतय."

"चोवीस वर्षांत एकदा तरी मला 'बरं झालं' म्हणाला असतात." साडूच्या आवाजात राग नव्हता, पण हसूही नव्हतं. मास्तरांनी त्याचा असा आवाज पहिल्यांदा ऐकला. त्याने पुन्हा करवत धरली. दांड्याचे दोन तुकडे झाले, एक व्हाइसमध्ये राहिला, एक फरशीवर खणकन पडला. "घरी काय सांगणार?"

"तेच बघतोय. तिने शेजारी सांगून ठेवलंय."

"खरं ते सांगा. नाहीतर मी सांगतो. तुमच्या घरी माझं जास्त चालतं."

हे मास्तरांना झोंबलं. झोंबलं, कारण खरं होतं. त्यांनी खिशातलं पेन काढलं. आधी दांडा कापलेला पाहिल्याची सही केली. मग पेन तसंच उघडं ठेवून शुभेच्छापत्र पुढे ओढलं आणि एकतिसाव्या जागेत, बारीक सरळ अक्षरात, सही केली. सवयीने सहीखाली तारीख घातली, आणि वेळही.

साडू वाकून बघत होता. "अहो, सात महिन्यांपूर्वीची घाला की. पत्र तेव्हाचं आहे."

"मागची तारीख घालायची नसते," मास्तर म्हणाले. "ज्या दिवशी चढवलं, त्या दिवसाची."